कोरड्या शेडमधलं फडकं

कुंभवली, १६ नोव्हेंबर, रविवार

हेमांगी,

फोन उचलत नाहीस तर नको उचलू. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून कागद घेतला. कागद तुला टाकवत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी भेळ संपली की त्याचा कागद वाचत बसायचीस, हात तेलकट असले तरी.

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नको. पत्ता तुझ्या दिवाळीच्या पार्सलवरून बघून बघून काढलाय. पोलंडच्या पोस्टमनला ती रांगोळी वाटली तर माझा इलाज नाही.

मागच्या रविवारी मी बोलले ते तुला लागलं. "ताई, तू अशी हायस?" एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. आठ दिवस झाले. मी माफी मागायला लिहीत नाहीये. माझं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण मोठी बहीण आहे, सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुला जेवू घातलंय. तू बोलत नाहीस तर माझा घास उतरत नाही. म्हणून परत सांगते, या वेळी नीट.

आधी मला काय कळलंय ते लिहिते, म्हणजे तू म्हणायला नको की ताईला समजलंच नव्हतं.

सोडियमचा एक अणू आणि पोटॅशियमचा एक अणू, अशी जोडी. ती जोडी इतकी थंड करायची की ती जवळजवळ जागची हलत नाही. असली थंडी आभाळात पण कुठे नाही म्हणालीस. थंड करणारी माणसं वेगळी, दुसऱ्या देशात, त्यांच्याकडे लेझर. तुझ्याकडे नुसता कॉम्प्युटर. (तुझे भावजी रिक्षातल्या पॅसेंजरना सांगतात, माझी मेव्हणी फॉरेनला फ्रिजच्या कंपनीत हाय. मी सांगून थकले.) तू गणित करून सांगतेस की या जोडीजवळ पोटॅशियमचा तिसरा अणू आला तर तिघं मिळून किती घट्ट चिकटतील. तू सांगशील त्या जागी ती माणसं लेझर लावून शोधतात.

आणि चूक कुठे झाली ते तू भांड्यांवरून सांगितलंस म्हणून डोक्यात बसलं. गणितात प्रत्येक अणूला थोडी थोडी भांडी मिळतात, कारण कॉम्प्युटर तरी किती पुरवणार. दोन अणू शेजारी आले की हा त्याची भांडी वापरतो, तो याची. दोघांचा स्वयंपाक बरा होतो. कॉम्प्युटरला वाटतं, काय प्रेम आहे दोघांचं. प्रेम तेवढं नसतं, भांड्यांची सोय झालेली असते. म्हणून ती सोय वजा करायची. त्यासाठी शेजाऱ्याला घराबाहेर काढायचं, त्याची भांडी मात्र मांडून ठेवायची, आणि उरलेल्याने एकट्याने किती बरा स्वयंपाक केला ते बघायचं. त्या रिकाम्या घराला तुमच्यात भूत म्हणतात. भावजी म्हणाले, एवढं शिकून शेवटी भूतच काय.

तू दोघांसाठी भुतं मांडलीस. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा मांडायची राहिली. एक ओळ राहिली. म्हणून तिघं आहेत त्यापेक्षा घट्ट दिसले. ते तसंच छापून आलं, दोन वर्षं झाली, आणि ती थंडीवाली माणसं आठ महिने चुकीच्या जागी शोधतायत. चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. तुझी तुलाच सापडली.

आणि डिसेंबरात पुण्याचा इंटरव्ह्यू. त्यांनी तुला बोलावलं ते याच छापलेल्या कामावरून, हे तूच सांगितलंस.

मग मी म्हटलं, "गप बस. कोण बघतंय? पुण्याचं होऊ दे, मग बघू." काय वाईट म्हटलं? नऊ वर्षं झाली तुला जाऊन. पुणं म्हणजे सकाळी निघालं तर संध्याकाळी दारात. मी डबा घेऊन येईन. एवढाच माझा स्वार्थ.

फोन कर.

ताई


कुंभवली, २९ नोव्हेंबर

हेमांगी,

पत्र पोचलं असेल. पोस्टातला माणूस म्हणाला दहा-बारा दिवस. फोन नाही. म्हणजे वाचून पण राग आहे. ठीक आहे. मी पण तुझीच बहीण, बघू कोण थकतं.

इकडे सगळं बरं आहे. कंपनीत मला पॅकिंगला टाकून दोन वर्षं होतील, तेव्हापासून कंबर बरी आहे. अंगाला रॉकेलसारखा वास यायचा तो गेला. तू शाळेतून आलीस की माझ्या पदराला नाक लावून म्हणायचीस, ताई आज सोडियम होतं. आता पदराला पुठ्ठ्याचा वास येतो.

तू ज्याची गणितं करतेस ते तू कधी बघितलंयस का गं खरोखर? म्हणजे वीट? मी बघितलंय, म्हणून विचारते. ड्रमात तेलात बुडवलेल्या विटा यायच्या. पात्याखाली धरली की साबणाच्या वडीसारखी कापली जायची, लोखंडासारखा आवाज नाही, काही नाही. कापलेली बाजू नव्या ताटासारखी चमकायची, आणि आपण "बघ बघ" म्हणेपर्यंत काळवंडायची. हवेचा पण तिला राग. पाण्याचा तर विचारू नको. त्या शेडला आम्ही कोरडी शेड म्हणायचो. आत प्यायची बाटली न्यायची नाही, ओली चप्पल घालून जायचं नाही, केस ओले असतील तर बाई बाहेर. झाडायचं कोरडं, पुसायचं कोरडं.

तू म्हणालीस की चूक पोटात ठेवली तर झोप येणार नाही. येते. मी सांगते ना. पहिले काही दिवस येत नाही, मग येते. माणूस सवयीचा असतो. मी ठेवलीच आहे ना, मला काय झालं?

हे लिहिलेलं खोडायला हवं होतं, पण पानावर खाडाखोड झाली तर तू तीच ओळ उजेडासमोर धरून वाचशील. राहू दे.

एक गोष्ट मनात आहे ती लिहून टाकते. तुझं ते जाड पुस्तक आलं, ज्याच्यावर तुला डॉक्टर म्हणायला लागले. पहिल्या पानावर काय लिहिलंय ते तू फोनवर मराठीत वाचून दाखवलंस. शांतारामभाऊंच्या ओल्या हातमोज्याने मला पहिला प्रश्न दिला, म्हणून हे पुस्तक त्यांना. आमच्या कंपनीत विटा कापायच्या टेबलावर त्यांचा हात भाजला तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस आणि महिनाभर माझं डोकं खाल्लंस, पाण्याने का पेटतं, पाण्याने तर विझतं. त्या पानाची फ्रेम करून मी भिंतीला लावली नाही म्हणून तुला वाईट वाटलं होतं. मी म्हटलं होतं, आपल्या भिंतीला खिळा लागत नाही, पोपडा पडतो.

खिळा लागतो. कॅलेंडर त्याच भिंतीवर आहे.

इंटरव्ह्यूची तारीख कोणती ते तरी कळव. जाताना काळी साडी नेसू नको.

ताई


कुंभवली, १३ डिसेंबर

हेमांगी,

इंटरव्ह्यू झाला असेल किंवा होणार असेल. मला माहीत नाही, कारण मला कोणी सांगत नाही.

चार दिवस वही उघडते आणि बंद करते. आज भावजींना वाणगावच्या भाड्यावर पाठवलंय, दुपारपर्यंत येणार नाहीत. दार लावून बसले आहे. मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत शहाणपण शिकवलं की गप बस. तुला सांगायचा मला अधिकार आहे की नाही ते आता तूच ठरव. वाच आणि मधे थांबू नको.

शांतारामभाऊंचा हातमोजा ओला नव्हता.

टेबल ओलं होतं. मी पुसलं होतं.

त्या दिवशी कोरड्या शेडच्या टेबलावर तेल सांडलेलं होतं. सोडियमच्या विटा ज्या तेलात असतात ते. कोरड्या फडक्याने ते निघेना, नुसतं पसरायचं. मला घाई होती. बाहेरचा पॅसेज धुऊन आले होते, बादली दाराशीच होती. साबणाचं फडकं पिळलं आणि दोन हात फिरवले. टेबल लख्ख. मग कोरडं फडकं फिरवलं. वाटलं झालं. त्या टेबलाला चारी बाजूंनी काठ होता, माल खाली घरंगळू नये म्हणून. काठाच्या कोपऱ्यात पाणी राहतं हे मला कळायला हवं होतं. घरात ओटा पुसणाऱ्या बाईला हे कळतं.

जेवणाची सुट्टी संपली, भाऊ आले, त्यांनी वीट कापली. एक कपची उडून कोपऱ्यात गेली असणार. ती उचलायला त्यांनी हात घातला.

मी तेव्हा गेटवर होते, पिशवी घेऊन. आवाज ऐकला. फार मोठा नव्हता, कुकरचं झाकण उडावं तसा. माणसं धावली. मला त्याच क्षणी कळलं कुठून आवाज आला आणि कशाने. मी वळले नाही. बाहेर पडले आणि रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, टेबल कोणी पुसलं? मी म्हटलं, मी, कोरड्या फडक्याने. त्यांनी शांतारामभाऊंना विचारलं होतं, हातमोज्यात घाम होता का? पावसाळ्याचे दिवस, घाम कोणाला नसतो? ते बिचारे म्हणाले, असेल. तेवढं धरून त्यांनी लिहिलं, कामगाराच्या ओल्या हातमोज्यामुळे. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. चौथीपर्यंत शिकल्याचा हाच उपयोग केला मी.

उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली. ते परत कामावर आले तेव्हा त्यांना शेडमध्ये घेतलं नाही, गेटवर बसवलं. पोरांनी नाव ठेवलं, ओल्या. यूपीवाले म्हणायचे, गीला हाथ आ गया. मी ऐकायची आणि झाडू मारायची. वर्षभरात ते काम सोडून वाणगावला शेतीवर गेले.

आता तू विचारशील घाई कसली होती. मी हे लिहिणार नव्हते. पण अर्धं सांगितलं तर तू बाकीचं चुकीचं जुळवशील, तुझा धंदाच तो. पालघरला तुझ्या कॉलेजचा फॉर्म होता, शेवटचा दिवस, पालकाची सही चारच्या आत. आपल्याला आई नव्हती, बाबा असून नसल्यासारखे. मी पावणेचारला पोचले. तू गेटवर उभी होतीस, म्हणालीस, "ताई, तू धावत आलीस?" मी म्हटलं, "होय."

आणि खबरदार जर याचं खापर त्या फॉर्मवर फोडलंस तर. फॉर्मने फडकं ओलं केलं नाही. तू केलं नाहीस. मी केलं, आणि मग खोटं बोलले ते पण मीच.

तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं खोटं छापलंय. म्हणून खिळा लागला नाही.

तुझं एका ओळीचं राहिलं, माझं एका फडक्याचं. फरक हा की तुला पंधरा वर्षं लागली नाहीत. आता तू काय करायचं ते कर. गप बस असं मी पुन्हा म्हणणार नाही.

मी वाणगावला जाणार आहे. हे लिहून ठेवते म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

ताई


कुंभवली, २८ डिसेंबर

हेमांगी,

जाऊन आले.

भावजींना एवढंच सांगितलं की शांतारामभाऊंकडे काम आहे. "मिरच्या आणायच्या हायत का?" "नाय." "मग?" "रिक्षा चालवा." ते चिंचणी नाक्यापासून गाणं म्हणायचे थांबले, म्हणजे त्यांना काहीतरी कळलं.

घर तुला आठवत नसेल, तू कधी गेलीच नाहीस. मागे मिरचीचे वाफे, पुढे ओटी. रखमावहिनी ओटीवर देठं खुडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगो बाय, जयवंती. किती सुकलीस. कंपनीत जेवायला देत नाय का?" त्यांनी पाट दिला. मी उभीच राहिले. बसले असते तर बोलले नसते.

भाऊ वाफ्यातून आले. केस पांढरे झालेत, चाल तीच. मला बघून हसले आणि हात पुढे करायच्या आधी दोन्ही तळवे शर्टाला पुसले. मग मिरच्यांची टोपली उचलायची होती, परत पुसले. पाण्याचा तांब्या घ्यायचा होता, परत पुसले. हेमांगी, हात कोरडेच होते गं.

मी सगळं एका दमात सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमाने, तेल, फडकं, काठ, गेट, सही. तुला आधी लिहिल्याचा हा उपयोग झाला. वहिनींचे हात देठावरच थांबले.

भाऊ म्हणाले, "ओलं फडकं."

"होय."

"आणि मी पंधरा वरसं हात पुसतोय."

वहिनी म्हणाल्या, "नात जन्मली तिला उचलायच्या आधी पण पुसलं. मी बोलले, अहो पोर हाय, सोडियम नाय. तेवा आमी हसलो होतो."

भाऊ उठले आणि वाफ्यात गेले. पाठमोरे, सरळ, शेवटच्या ओळीपर्यंत. मी तिथेच उभी. वहिनींनी आत जाऊन चहा केला, माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "पी. आलेल्या माणसाला बिनचायचं घालवलं असं नको. पी आणि जा."

"वयनी, मी त्यांना..."

"काय मी त्यांना? माफ करा बोलणार हायस? बोल. भिंतीला बोल. त्यांना बहिणीसारखी होतीस तू. घरात गोडधोड झालं की तुझ्या त्या बारक्या बहिणीसाठी डबा न्यायचे. ते डबे कुठं गेले?"

तू खाल्लेस ते डबे. चहा प्याले. भाजला, तरी प्याले.

निघताना भाऊ परत आले. मला वाटलं आता शिवी देतील. बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तू मला सांगायला आलीस. मला कशाला सांगतेस? मला ओल्या कोण बोललं? मी काय स्वतःला बोललो? ज्यांनी बोललं त्यांना सांग. तिथं सांग, कंपनीत, सगळ्यांच्या म्होरं. मग ये नायतर नको येऊ."

मी म्हटलं, "सांगते."

"आज सांगतेस, उद्या इसरशील."

"नाय इसरणार."

त्यांनी मान हलवली नाही. विश्वास नव्हता. का असावा?

भावजींनी ओटीजवळच रिक्षा लावली होती, सगळं ऐकलं होतं. बोईसर स्टेशनच्या अलीकडे म्हणाले, "पंधरा वर्षं मला का नाय सांगितलं?"

"तुमी सगळ्या पॅसेंजरना सांगितलं असतंत."

ते म्हणाले, "हां, ते खरं हाय." मग उतरून माझ्यासाठी शेंगदाणे घेऊन आले. आजपर्यंत या माणसाने मला न मागता शेंगदाणे आणले नव्हते.

कंपनीत अजून सांगितलेलं नाही. जुनी माणसं तिघंच उरलीत. मॅनेजर नवे आहेत. नोकरी जाईल का? जाऊ शकते. खोटी साक्ष ती खोटी साक्ष. भीती वाटते. हे तुला लिहायला लाज वाटत नाही आता.

तुझ्याकडे काय चाललंय, बाय? रागावलीस तर रागाव, पण आजारी पडू नको. तिकडे बर्फ पडत असेल. कानाला बांधतेस का?

ताई


कुंभवली, १८ जानेवारी

हेमू,

तुझा फोन ठेवला आणि मी तासभर नुसती बसून होते. भावजींनी डाळ-भात केला. डाळ कच्ची होती. खाल्ली.

तर तू मला फसवलंस. मी पत्रांवर पत्रं लिहितेय, तुला वळवतेय, आधी इकडे मग तिकडे, आणि तू भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्या थंडीवाल्या माणसांना कळवून मोकळी झालीस. छापणाऱ्यांना कळवलंस. पुण्याला पण स्वतःच कळवलंस. माझ्या पहिल्या पत्राला तिकीट लागायच्या आधी सगळं झालं होतं. आणि पुण्यावाल्यांनी सांगितलं, यंदा नाही, दुरुस्त केलेलं काम आलं की पुन्हा अर्ज करा. हे तू दोन महिने गिळून बसलीस, कारण मी येत नाही हे ताईला कसं सांगू.

मला राग आला नाही असं नाही. आला. मी तुला अशी मुलगी समजत होते का, की जिला माझं ऐकून गप बसायचा मोह होईल? समजत होते. कारण माझ्या हाताखाली वाढलीस. पण तू नाही बसलीस. हे तू कोणाकडून शिकलीस? माझ्याकडून तर नाही. मग वाटलं, बरं झालं सांगितलं नाहीस. आधी सांगितलं असतंस तर मी पुण्यासाठी चार दिवस रडले असते आणि वाणगावला गेले नसते.

ती माणसं तुझ्यावर ओरडली नाहीत, उलट आभार मानले, हे ऐकून मला बरं वाटलं. लेझर हलवला आणि अजून काही सापडलं नाही म्हणालीस. सापडेल. तू आता तिघांची भुतं मांडून परत करतेयस, कॉम्प्युटरला आठवडे लागतात, लागू देत.

तू विचारलंस, कंपनीत काय झालं. फोनवर मला सांगवेना, भावजी समोर होते, ते माझ्या आधी रडतात. म्हणून इथे.

मंगळवारी कॅन्टीनमध्ये. जेवणाच्या सुट्टीत साठ-सत्तर माणसं असतात, निम्मी नवी, यूपी-बिहारची पोरं. जुनी तीन, आमचा सुपरवायझर दिग्विजय, बॉयलरवाले चाचा आणि स्टोअरची भावना. दिग्विजय तेव्हा हेल्पर होता. ओल्या हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

मी ताट घेतलं नाही. मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला एक सांगायचंय." कोणी ऐकेना. पंखे, ताटं, गडबड. चाचांनी टेबलावर पेला आपटला, "अरे, बाई बोल रही है."

मग बोलले. मराठीत बोलले, आणि नवी पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली तेव्हा परत माझ्या मोडक्या हिंदीत बोलले. दोनदा बोलावं लागलं. एकदा पुरलं नाही. शांताराम नाम का आदमी था, उसका हाथ गीला नहीं था, टेबल गीला था, मैंने किया था, मैं झूठ बोली.

दिग्विजयचा घास हातातच होता. म्हणाला, "जयवंतीताई, हे वर कळवावं लागेल."

"कळव. मी लिहून आणलंय." चार ओळींचा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

त्याने कागद वाचला नाही. फोन काढला. नंबर भावनाकडून घेतला, लावला, आणि सगळ्यांसमोर कानाला धरला. "शांतारामभाऊ, दिग्विजय बोलतोय. कंपनीतून." पुढे त्याला बोलता येईना. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोनशे कामगारांवर ओरडणारा. चाचांनी फोन हातातून घेतला, "शांताराम, हम लोग गलत थे, भैया," आणि तो भावनाकडे दिला, भावनाने माझ्याकडे.

मी म्हटलं, "भाऊ, सांगितलं."

तिकडे मागे वहिनी कोणाला तरी ओरडत होत्या की शेळीने वाफा खाल्ला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

"नाय."

"त्यांना पण जेवायला सांग. ताटात घेतलेलं टाकायचं नसतं."

ठेवला फोन. ये म्हणाले नाहीत. नको येऊ असंही म्हणाले नाहीत.

मला मॅनेजरने बोलावलं. चौकशी आहे, पुढच्या महिन्यात. तोवर कामावर या म्हणाले. बघू.

आता तुझ्या पुस्तकाच्या त्या पानाचं. तू म्हणालीस, ते पान फाडू का. फाडू नको, पुस्तक फाडलेलं मला बघवत नाही. त्याच्यावर चिठ्ठी चिकटव. त्या थंडीवाल्या माणसांना जसं लिहिलंस, साधं, की माझ्याकडून हे राहिलं होतं, तसं. लिही की हातमोजा कोरडा होता, टेबल ओलं होतं, आणि ज्या बाईने पुसलं ती माझी बहीण. नाव घाल माझं. पूर्ण नाव.

आणि एक. पुण्याचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा तर कर, नाही जमला तर नको. माझ्यासाठी घाई करू नको. तू येणार म्हणून मी नऊ वर्षं डब्याची तयारी करून बसले आहे, अजून काही दिवस बसेन. घाईत मी काय करते ते तू वाचलंयस. तुझं काम नीट होऊ दे, तिघांचं, एकेकाला घराबाहेर काढून, भांडी मोजून. मग सावकाश ये.

ताई